बदलापूर पूर्व : परवडणारे घर आणि ६८ किलोमीटरचा रोजचा प्रवास

मुलुंडमधील आमच्या वन बीएचके घराचे भाडे २०२२ मध्ये दरमहा २६ हजार रुपयांवर गेले, तेव्हा त्या घरात मी, माझे पती, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी असे चौघे राहत होतो आणि सासूबाईंचा पलंग हॉलमध्ये होता. त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही बदलापूर पूर्वेला शिरगाव भागात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. त्याला आता तीन वर्षे झाली. घर, गाव आणि लोकल या तिन्हींचा अभिप्राय मी एकत्रच लिहीत आहे, कारण इतक्या लांब घर घेणारे कुटुंब कर्ज फिटेपर्यंतचा लोकलचा प्रवासही त्या घरासोबत विकत घेत असते, आणि खरेदीखतात त्याचा उल्लेख कुठेही नसतो.

प्रथम पैशांविषयी. फ्लॅटची किंमत ३८ लाख रुपये होती. त्यातील ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तेव्हा मासिक हप्ता २६ हजारांच्या आसपास आला, म्हणजे मुलुंडच्या भाड्याइतकाच. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले असल्याने जीएसटी लागला नाही. खरेदीखत एकट्या माझ्या नावावर केल्यामुळे मुद्रांक शुल्कात स्त्रियांना मिळणारी एक टक्क्याची सवलत मिळाली आणि ३८ हजार रुपये वाचले. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती पाहून चटई क्षेत्रफळ स्वतः ताडून घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन. आम्हाला जाहिरातीतील आकडा आणि करारातील आकडा यांत जवळपास एका खोलीचा फरक आढळला होता. दोघांचे पास, शेअर रिक्षा आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून महिन्याला पाच हजारांहून थोडे अधिक जातात. एवढे धरूनही हा व्यवहार पैशांच्या बाजूने आम्हाला नक्कीच फायद्याचा ठरला.

वेळेचा हिशेब मात्र आम्ही चुकीचा केला होता. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते बदलापूर हे अंतर ६८ किलोमीटर आहे आणि जलद गाडीला सुमारे दीड तास लागतो, एवढेच आम्ही घर पाहताना धरले होते. माझे कार्यालय फोर्टमध्ये आहे. घरातून उतरून रिक्षाच्या रांगेत उभे राहणे, स्टेशनचा पूल, गाडीत जागा मिळावी म्हणून दहा मिनिटे आधी फलाटावर पोहोचणे आणि शेवटी टर्मिनसपासून चालणे हे सारे मिळवले, तर दारापासून दारापर्यंत मला दोन तास दहा मिनिटे लागतात. मुलुंडहून सव्वा तास लागत असे. रोजचा हा वाढीव पावणेदोन ते दोन तासांचा वेळ वर्षातील २५० कामाच्या दिवसांनी गुणला, की साडेचारशे तासांच्या आसपास आकडा येतो. पतींचे कार्यालय ऐरोलीला आहे. ते ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने जातात आणि दीड तासात पोहोचतात. तोच पत्ता आणि तेच घर, पण माझ्यासाठी ते चाळीस मिनिटांनी अधिक लांब आहे, ही गोष्ट घर घेताना आम्ही बोललोच नव्हतो.

गाडीची निवड हा इथे दिनक्रमाचा कणा आहे. कर्जत किंवा खोपोलीहून येणारी लोकल बदलापूरला भरूनच येते, त्यामुळे बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीवरच संसाराचे वेळापत्रक बसवावे लागते. सकाळच्या त्या गाडीत महिलांच्या डब्यात मला बहुधा बसायला मिळते. संध्याकाळी परतताना आधी “कुठे उतरणार?” असे विचारून ठेवायचे आणि ठाणे किंवा डोंबिवलीला उठणाऱ्या बाईची जागा शब्दावर मिळवायची, ही जुनी रीत आजही प्रामाणिकपणे पाळली जाते. या डब्यातील मैत्रिणींनी मला पहिल्या सहा महिन्यांत जो आधार दिला, त्याची नोंद मला कृतज्ञतेने करायची आहे. पुरुषांच्या डब्यातील अनुभव अधिक कठीण आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, त्यानंतर दारात उभे राहून जायचे नाही असे आम्ही घरात ठरवले आणि पती तेव्हापासून अर्धा तास आधी निघतात.

उशिराचे मूळ कारणही समजून घ्यावे. कल्याणपुढे कर्जतच्या दिशेने दोनच मार्गिका आहेत आणि त्यांवरूनच लोकल, पुण्याकडील लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या धावतात. एक गाडी अडकली की मागील सगळ्या थांबतात. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका एमयूटीपी-३ए या मुंबईच्या रेल्वे विस्तार प्रकल्पात मंजूर आहे, परंतु घर घेताना आजच्या गाड्या मोजाव्यात, नकाशावरील मार्गिका मोजू नयेत. दलालांच्या तोंडी प्रस्तावित कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोचे नाव हमखास असते. त्या नावासाठी चौरस फुटामागे एक रुपयाही अधिक देऊ नये.

या तीन वर्षांतील एक दुपार मला विसरता येत नाही. मुलीला शाळेत ताप चढला आणि पावणेबाराला फोन आला. सासूबाई तिला घरी घेऊन आल्या, शेजारच्या काकूंनी डॉक्टरांकडे नेले, आणि मी घरी पोहोचले तेव्हा सव्वातीन वाजले होते. दुपारच्या त्या वेळी टर्मिनसहून बदलापूरकडे जाणारी गाडी पंचवीस मिनिटांनी होती आणि ती कल्याणच्या अलीकडे थांबून राहिली. ताप साधा होता. पण घरात सासूबाई नसत्या तर काय झाले असते, हा विचार त्या दिवशी आम्ही प्रथम नीट केला. दोघेही लांब नोकरी करणारे आणि घरात वडीलधारे कोणी नाही, अशा कुटुंबाने शाळेपासून पाच मिनिटांवर विश्वासाचे माणूस मिळाल्याखेरीज इथे येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याकडे दुर्लक्ष करून इथे घर पाहू नये. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. पश्चिमेकडील सखल भागांत उल्हास नदीचे पाणी शिरते, म्हणून तिकडे घर घेताना निळी आणि लाल पूररेषा (पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या नकाशावरील रेषा) पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. आम्ही खरेदीपूर्वी जून ते सप्टेंबर असे चार महिने कात्रप भागात भाड्याने राहिलो. या एका निर्णयाचे श्रेय पूर्णपणे पतींना आहे. पाणी कोणत्या वेळी आणि किती दाबाने येते, वीज किती वेळा जाते, रात्री औद्योगिक वसाहतीच्या दिशेकडून वारा वाहू लागला की रसायनांचा दर्प कुठपर्यंत येतो, हे सारे त्या चार महिन्यांत कळले आणि आधी पसंत केलेली एक इमारत आम्ही सोडून दिली.

आता जे मिळाले त्याविषयी. सासूबाईंना स्वतःची खोली आहे आणि तिच्या खिडकीतून डोंगर दिसतो. मुलगी शाळेत चालत जाते आणि संध्याकाळी खाली खेळते. मुलुंडला ती खेळण्यासाठी माझ्या सुट्टीची वाट पाहत असे. बाजारात आसपासच्या गावांतील बायका रानभाज्या घेऊन बसतात, आणि पावसाळ्यात बारवी धरणाकडील रस्त्याला जी हिरवळ असते ती पाहण्यासाठी आमचे मुंबईतील नातेवाईक मेगाब्लॉकचा रविवार टाळून मुक्कामाला येतात. मोठ्या तपासण्यांसाठी मात्र सासूबाईंना अजूनही मुलुंडलाच न्यावे लागते.

ज्यांची नोकरी ठाणे, ऐरोली किंवा त्याच्या अलीकडे आहे, त्यांना मी बदलापूर मनापासून सुचवेन. दादरच्या पुढे जाणाऱ्यांनी, विशेषतः घरी पोहोचल्यावर स्वयंपाकही ज्यांच्याच हाती असतो त्या स्त्रियांनी, आधी महिनाभर तो प्रवास पास काढून करून पाहावा आणि मगच घराविषयी बोलावे. मी ठाणे कार्यालयात बदलीसाठी अर्ज दिला आहे. ती मिळाली तर माझा प्रवास एका बाजूने तासाभराने कमी होईल. तोपर्यंत रात्रीच्या पोळ्या पती करतात, आणि मी पावणेनऊला दार उघडते तेव्हा मुलगी जेवायची थांबलेली असते.