गोड लिंबाचं कलम: पहिला आंबिया बहार (हिवाळ्याअखेरच्या फुलांची फळं) खाऊन झाल्यावर

सप्टेंबरात लिहिलं असतं तर पाचपैकी दोन गुण दिले असते. आता चार देतोय. जो एक कापलाय तो झाडाचा नाही, डोळा भरणाऱ्याचा, म्हणजे दुसऱ्या रोपाच्या बुंध्यावर (खुंटावर) गोड लिंबाचा डोळा बसवून कलम करणाऱ्याचा आहे, आणि पुढचा अर्धा मजकूर त्यावरच जाणार आहे. ज्यांना फक्त चवीचं वाचायचंय त्यांनी थोडं खाली यावं.

झाड घराच्या मागे, काळ्या मातीत, विहिरीच्या पाण्यावर. बाजूला धुऱ्यापलीकडे संत्र्याची बाग, त्यामुळे लिंबूवर्गीय झाडाची जात आम्हाला नवी नाही. कलम मोसंबीच्या कलमापेक्षा तिप्पट भावाने घेतलं, कारण रोपवाटिकावाला म्हणाला की हे सहसा मिळत नाही. रोपवाटिकेचं नाव घेत नाही.

पहिल्या पावसाळ्यात झाडाने जोर धरला. एक नवी फांदी तर इतकी सरळ वर गेली की येणारा-जाणारा थांबून कौतुक करायचा. जवळ जाऊन पाहिलं तर तिची कोवळी पानं जांभळट, काटे बोटाच्या पेराएवढे. बाकी झाडाची पालवी मात्र स्वच्छ पोपटी. बुंध्याशी माती उकरली, फूट थेट जोडाखालून निघालेली. म्हणजे पानसोट, गोड लिंबाची नाही तर खालच्या खुंटाची फूट. रोपवाटिकेला फोन केला तर उत्तर आलं, "भाऊ, झाड जोमात हाय तं वाढू द्या ना, काऊन घाबरता?"

वाढू दिलं असतं तर दोन वर्षांत वरचं गोड लिंबू दबून गेलं असतं आणि मी खुंटाची आंबट फळं तोडत बसलो असतो. आपल्याकडे खुंट जंबेरीचा नाहीतर रंगपूर लाईमचा, आणि दोघांच्याही पालवीवर जांभळी झाक असते. गोड लिंबाची पालवी हिरवी, फूल पांढरं. यामागचं कारण वाचलं तेव्हा मजा वाटली. नोएमी नावाचं एक जनुक पालवी-फुलातला जांभळा रंग आणि फळातला आंबटपणा, दोन्ही सांभाळतं. ते बिघडलं की दोन्ही एकदम जातात. इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरच्या शास्त्रज्ञांनी हे 2019 मध्ये मांडलं. उलटं मात्र धरू नका: हिरव्या पालवीचं प्रत्येक झाड बिनआंबट नसतं, आपल्या संत्र्याची पालवी हिरवीच असते, तरी फळात आंबटपणा असतोच. पण गोड लिंबाच्या झाडावर जांभळी पालवी दिसली तर विचार करायचा नाही. कोवळी असताना हाताने ओरबाडून काढायची. कात्रीने कापली की बुडाशी राहिलेल्या डोळ्यातून पुन्हा फुटते.

आता खरा राग. डोळा निदान वीतभर उंचीवर भरलेला हवा, 25 सेंटिमीटरच्या आसपास. माझ्या कलमाचा जोड पिशवीतल्या मातीपासून चार बोटं. वावरात आळं केलं, माती थोडी सरकली, की जोड जमिनीला टेकलाच. काळ्या मातीत पाणी धरून राहतं, फायटोप्थोरा बुरशी तिथेच मुक्कामाला असते, पावसाचे शिंतोडे सालीवर बसतात आणि मग डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळायचा रोग. श्रावणात जोडापाशी मधाच्या रंगाचे थेंब दिसलेच. साल पटाशीने निरोगी भागापर्यंत खरवडली, बोर्डो मलम लावला. प्रमाण सगळ्यांना माहीत असतं तरी लिहितो: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. एका झाडाला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम, 1 लिटर पुरून उरतं. प्लास्टिकच्या बादलीत करा, लोखंडी घमेल्यात नको. शिवाय दुहेरी आळं, म्हणजे पाणी बाहेरच्या गोलात आणि बुंधा कोरडा. हा सगळा उपद्व्याप डोळा वीतभर वर असता तर बराच टळला असता. डोळा वर भरायला पैसे जास्त लागत नाहीत. कंबर मात्र थोडी कमी वाकवावी लागते, म्हणजे भरणाऱ्याचीच सोय. तरी भरत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या झाल्या ते चुनखडीच्या मातीमुळे, लोह असूनही झाडाला मिळत नाही. फेरस सल्फेट मातीत टाकून उपयोग नाही, फवारणीच करावी लागली. चिमणीच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पानावर असते, ती पुढे हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंग काढून घाण वास सोडते. हाताने वेचली. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला तेव्हा पश्चिमेकडची फळं भाजून तपकिरी झाली. त्या बाजूला तुराटीची ताटी बांधली.

चव. पहिलं फळ कापलं आणि सगळं घर नाराज. तर्री पोह्यांवर पिळलं तर काहीच कळेना. आई म्हणाली, "हे निंबू हाय का साखरपाणी?" खरं तर साखरही फार नसते, आंबटपणाच गायब असतो. कागदी लिंबाच्या रसात 6-7 टक्के आम्ल, यात जेमतेम 0.1 टक्का. वरणावर नाही, दूध फाडायला नाही. लोणचं तर घालूच नका, आम्ल नाही म्हणजे बुरशी रोखणारं काही नाही. वहिनीने एक बरणी घातली होती, आठवडाभरात पांढरा थर. दोन गुण ते तेव्हाचे.

मत बदललं ते बाबांमुळे. पित्तामुळे त्यांनी संत्रा सोडला होता. संत्र्याच्या गावात संत्रा सोडणं म्हणजे काय ते कळणाऱ्याला कळेल. हे फळ त्यांना चाललं. तुम्हाला चालेल का, ते तुमचं तुम्ही बघा. पण खायची रीत वेगळी आहे. पिळायचं नाही, सोलून फोडी करायच्या, वरची पांढरी साल आणि फोडीवरचा पापुद्रा काढायचा, कडूपणा तिथेच असतो. आणि लगेच खायचं. रस काढून ठेवला तर थोड्या वेळात कडवट होतो, मोसंबीच्या रसाचं होतं तेच. विहिरीच्या पाण्यात बुडवून गार केलेली फोड, वर चिमूटभर शेंदेलोण, मग ते फिक्कं लागत नाही. वास तर कागदी लिंबाहून सौम्य आणि छान.

रोपवाटिकेशी भांडण हिवाळ्यात मिटलं, म्हणजे मिटवलं. बदली कलम न्यायला बोलावलं, पाहिलं तर त्याचाही डोळा चार बोटांवर. "सगळे असेच नेतात भाऊ." पैसे परत द्यायला तयार नाहीत. शेवटी बदल्यात कागदी लिंबाची दोन कलमं उचलली, पोह्यांना लागतंच. टेप लावून मोजली. एक वीतभर भरलं, दुसरं दोन बोटं कमी, त्याचे तीस रुपये कापून घेतले.