स्टेफी ग्राफ की अँजेलिक कर्बर, पोरांना आधी कोणाच्या मॅच दाखवायच्या?

पोराला टेनिसला घातलंय आणि घरी जुन्या मॅच दाखवायच्यात, तर सुरुवात कोणापासून करायची? दोघी जर्मनीच्या टेनिसपटू, पण माझं सरळ मत, आधी कर्बर.

रेकॉर्डच बघायचं तर स्टेफी कुठच्या कुठे पुढे आहे. सिंगल्सचे २२ ग्रँडस्लॅम, ३७७ आठवडे नंबर वन, आणि १९८८ ला एकाच वर्षात चारही ग्रँडस्लॅम शिवाय सोलचं ऑलिंपिक गोल्ड. कर्बरकडे तीन, २०१६ चं ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपन, २०१८ चं विम्बल्डन, आणि रिओचं सिल्व्हर. फ्रेंच ओपन काही मिळालं नाही.

पण शिकायचं म्हटलं की गणित बदलतं. स्टेफीचा फोरहँड बघत राहावा असाच, पण ती बॉल इतका उशिरा मारायची आणि तरी पोचायची कारण पायच तसे होते, बॅकहँडला आलेला बॉलसुद्धा पळत बाजूला जाऊन फोरहँडने मारायची. त्यात बॅकहँड एका हाताचा स्लाइस, म्हणजे बॉल कापत मारायचा, आणि आता बहुतेक पोरं दोन हातांनी शिकतात. लहान पोरगं त्यातलं उचलणार काय?

कर्बरची सर्व्हिस साधीच, खेळ सगळा पायांवर आणि चिकाटीवर. बेसलाइनवर बॉल खोल आला की ती मागे सरकायची नाही, जागच्या जागी खाली बसायची, गुडघा कोर्टला टेकतोय की काय असं वाटतं आणि तिथूनच बॉल सरळ लाइनवर. तो शॉट स्लो करून दाखवा. २०१६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला, मेलबर्नमध्ये, पहिल्याच राउंडला मिसाकी दोईविरुद्ध मॅच पॉइंट वाचवला, म्हणजे तो एक पॉइंट गेला असता तर बाहेरच, आणि तिथून थेट फायनलला सेरेनाला ६-४, ३-६, ६-४ हरवलं, मला तर ती स्पर्धा आजही अंगावर काटा आणते. त्याच्या आदल्या वर्षी ती लास व्हेगासला स्टेफीकडे प्रॅक्टिसला जाऊन आली होती, आणि स्टेफीनंतर ग्रँडस्लॅम सिंगल्स जिंकणारी पहिली जर्मन तीच.

स्टेफीची दाखवायची तर १९९९ ची फ्रेंच ओपन फायनल दाखवा, हिंगिसविरुद्ध. पहिला सेट गेलेला, दुसऱ्यात हिंगिस मॅचसाठी सर्व्ह करतेय, तिथून ४-६, ७-५, ६-२. १९८८ ची झ्वेरेवाविरुद्धची ६-०, ६-० नको, ती अर्ध्या तासातच आटोपते.

आणि पोरगं डावखुरं असेल तर प्रश्नच नाही, कर्बरच. ती स्वतः मुळात उजवखुरी, टेनिस तेवढं डाव्या हाताने.