मुंबई इंडियन्सची समाजमाध्यमे: पलटणीच्या नजरेतून

२०१३ ते २०२० या काळात पाच वेळा आयपीएल जिंकणाऱ्या मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांना ‘पलटण’ म्हटले जाते, आणि संघाची इन्स्टाग्राम, एक्स व यूट्यूबवरील पाने पाहिली की हे नाव केवळ जाहिरातीपुरते नसल्याचे जाणवते. सामन्याची क्षणचित्रे दूरचित्रवाणीवरही दिसतात. येथे खरी गोडी आहे ती सराव आणि ड्रेसिंग रूममधील चित्रफितींची, कारण त्यांत खेळाडूंची आपसांतली थट्टामस्करी, नवोदितांचे बावरलेपण आणि प्रशिक्षकांचे सामन्यानंतरचे बोलणे जवळून अनुभवता येते. मधूनच डोकावणारी मराठी मात्र अधिक हवी होती. वानखेडेवर खेळणाऱ्या संघाकडून एवढी अपेक्षा गैर नव्हे.

या संवादाची खरी कसोटी १५ डिसेंबर २०२३ रोजी लागली. रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्या कर्णधार होणार असे जाहीर होताच असंख्य चाहत्यांनी संघाला अनफॉलो केले, आणि पुढील हंगामात संघ तळाला गेला तेव्हा प्रतिक्रियांतला रोष चकचकीत पोस्टना झाकता आला नाही. प्रायोजकांच्या पोस्टचा भरणाही खटकतो. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी बाकीच्या पोस्ट सोडून थेट यूट्यूबवरील दीर्घ चित्रफितींपासून सुरुवात करावी.