व्हिडिओ लॅरिंगोस्कोप : पीपीई किट घालून वापरल्यावरचं मत

वीस वर्षं भूल देतेय, श्वासनलिकेत नळी घालताना साध्या मॅकिन्टॉश ब्लेडवर (जीभ उचलून घसा दाखवणारं पातं) हात बसलेला. त्यामुळे २०२० मध्ये कोविड वॉर्डसाठी हा पात्यावर कॅमेरा असलेला, स्क्रीनवाला लॅरिंगोस्कोप आला तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

पहिला पेशंट रात्री अडीचला. मास्कने ऑक्सिजन चालू, तरी सॅच्युरेशन ७८. किट चढवून आत गेले तोवर गॉगलवर वाफ धरलेली, हातात ग्लोव्हजच्या दोन जोड्या. साध्या ब्लेडने बघायचं तर पेशंटच्या तोंडाशी तोंड न्यावं लागतं. इथे ताठ उभं राहून, हातभर अंतरावरून स्क्रीनवर कॉर्ड्स (स्वरतंतू, ज्यांच्यामधून नळी घालायची) दिसल्या. शिवाय सिस्टरलाही तेच दिसत होतं. मास्क आणि हूडमधून कुणाचं बोलणं कुणाला कळत नाही, पण तिने स्क्रीन बघून न सांगताच गळा बाहेरून हलकेच दाबला. मला सगळ्यात आवडलं ते हे.

आता खोड. जास्त वाकड्या ब्लेडने कॉर्ड्स छान दिसतात, नळी मात्र जात नाही! स्टायलेट (नळीच्या आतली वाकवता येणारी तार) ब्लेडइतकाच वाकवून घ्यावा लागतो, आणि नळीचं टोक कॉर्ड्समधून गेलं की तो मागे ओढावा लागतो. मी तो सरळच ठेवला होता. नळी दोनदा आपटली, सॅच्युरेशन ६० वर. तिसऱ्यांदा गेली. कफ (नळीभोवतीचा फुगा) फुगवल्यावरच श्वास देणारी बॅग दाबली, मध्ये विषाणू अडवणारा फिल्टर. हूडमुळे स्टेथोस्कोप कानाला लागत नाही, म्हणून नळी बरोबर जागी गेली का, यासाठी भिस्त कॅप्नोग्राफच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) आलेखावर. तो उमटला तेव्हा कुठे श्वास सोडला (मीही).

लाळ किंवा रक्त असेल तर आधी सक्शन, नाहीतर कॅमेरा आंधळा. साधा लॅरिंगोस्कोप आणि बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक कांडी) उशाशी हव्यातच. बॅटरीचे तीन दांडे दिसत असताना यंत्र एकदा बंद पडलंय. चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी झाकण पुसून पुसून महिन्यात गळालं, कंपनीने दुरुस्तीऐवजी व्हिडिओ पाठवला.

तरी कोविडमध्ये तुषार अडवायला पेशंटच्या डोक्यावर ठेवायच्या त्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीपेक्षा शंभर पटींनी बरं. तैवानहून निघून ती जगभर पसरली, पण तिच्या भोकांतून हात घालून काम करताना कोपर अडकायचं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी संस्था) हवा ओढून न घेणाऱ्या अशा पेट्यांची आपत्कालीन परवानगी ऑगस्ट २०२० मध्येच काढून घेतली. आमच्या पेटीत सध्या ओपीडीची जुनी रजिस्टरं आहेत.

पाचपैकी साडेतीन. झाकण टिकलं असतं तर चार दिले असते.