एका स्टारच्या मागे कायम, की दर शनिवारी नवा मंच? बासवादकासाठी तुलना

बास गिटार हातात बऱ्यापैकी बसली, चार जणांच्या तोंडी नाव झालं, की दोन प्रकारचे फोन यायला लागतात. एक एखाद्या गायकाच्या मॅनेजरचा: "कायमचा आमच्याकडे ये, बाकीची कामं सोड." दुसरा दर आठवड्याला वेगळ्याच कोणाचा: "शनिवारी मोकळा आहेस का?" दोन्ही प्रकारचं काम मी केलं आहे आणि त्यातलं एक निवडलं आहे. कोणतं ते पुढे कळेलच, फार लपवता येण्यासारखं नाही. चार तारा की पाच, अ‍ॅम्प कुठला, हे इथे येणार नाही. ज्यांच्यापुढे हे दोन्ही फोन खरोखर आहेत त्यांच्यासाठी हा आढावा.

आपल्याकडच्या वादकांबद्दल लिहिलं गेलंय फार कमी. पंचमदांच्या ताफ्यातले टोनी वाझ किंवा चरणजित सिंग यांचा बास आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यांचा हिशेब, त्यांचे करार, त्यांची चिडचिड कुठे छापलेली सापडत नाही. रॉकवाल्यांचं बरं आहे, सगळं चव्हाट्यावर असतं. म्हणून तिथलीच माणसं घेतो.

गॅरी टॅलंट: एकच मालक, आयुष्यभर

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा पहिला अल्बम जानेवारी १९७३ मध्ये आला. त्यावर बास टॅलंटचा होता आणि आजही मंचावर बास टॅलंटचाच आहे. ई स्ट्रीट बँड या स्प्रिंगस्टीनच्या ताफ्यात, तो स्वतः वगळता, पहिल्यापासून टिकलेला टॅलंट एकटाच. ३० सप्टेंबर १९८८ ला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेचा कार्यक्रम झाला, तेव्हाही स्प्रिंगस्टीनच्या मागे हाच बँड होता.

या नोकरीत मजा काय, तर काम कधी शिळं होत नाही. स्प्रिंगस्टीनचे प्रेक्षक फर्माइशींचे फलक घेऊन येतात. तो त्यातला एखादा उचलतो आणि वर्षानुवर्षं न वाजवलेलं, कधी तर दुसऱ्याच कोणाचं गाणं सुरू करतो. अशा वेळी सगळे बासकडे बघतात, कारण जमीन तिथून मिळते. टॅलंट जुन्या रॉक अँड रोलचा चालताबोलता कोश समजला जातो, त्याचं चीज इथे होतं. २०१२ मध्ये हेलसिंकीला हा कार्यक्रम चार तासांवर गेला होता. चार तास उभं राहून बास वाजवणं म्हणजे खांद्याचं काय होतं ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक.

आता दुसरी बाजू. १९८२ चा 'नेब्रास्का' स्प्रिंगस्टीनने घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने रेकॉर्ड केला. तीच गाणी बँडसोबत करून पाहिली, जमली नाहीत, शेवटी कॅसेटच बाजारात गेली. हे एक वेळ समजू शकतं. पण ऑक्टोबर १९८९ मध्ये त्याने एकेकाला फोन करून सांगितलं की आता बँडची गरज नाही. सॅक्सोफोनवाला क्लॅरेन्स क्लेमन्स तेव्हा रिंगो स्टारसोबत जपानच्या दौऱ्यावर होता, त्याला तिथे हा फोन गेला. टॅलंट त्याच महिन्यात चाळीस वर्षांचा होत होता. पुढच्या एका अल्बमवर बास रँडी जॅक्सनने वाजवला, दौऱ्यावर टॉमी सिम्स गेला. टॅलंट नॅशव्हिलला स्थायिक झाला आणि तिथे स्टुडिओच्या कामात रमला. बँड पुन्हा पूर्णपणे एकत्र दौऱ्यावर निघाला तो १९९९ मध्ये.

मानाचंही तसंच. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्प्रिंगस्टीन १९९९ ला एकटा गेला. बँडला आत घ्यायला २०१४ उजाडलं. तोवर ऑर्गनवाला डॅनी फेडेरिची आणि क्लेमन्स दोघंही वारले होते.

डॅरिल जोन्स: कायम, पण कागदावर नाही

हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, त्यामुळे नीट पाहून घ्या. बासवादक बिल वायमनने १९९३ च्या सुरुवातीला रोलिंग स्टोन्स सोडले आणि त्याच्या जागी शिकागोचा जोन्स आला. विशीच्या सुरुवातीलाच माइल्स डेव्हिससोबत वाजवून आलेला, पुढे स्टिंगकडे. तीस वर्षांहून जास्त काळ झाला, स्टोन्सचा बास तोच वाजवतो. पण तो स्टोन्सचा सदस्य नाही. फोटो निघतो तेव्हा तो चौकटीत नसतो. २०२३ च्या अल्बमवर एका गाण्यासाठी वायमन परत आला, एका गाण्यात पॉल मॅकार्टनीने बास वाजवला. २०२४ चा दौरा निघाला तेव्हा मंचावर मात्र जोन्सच उभा होता.

एप्रिल २००३ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर स्टोन्स आले होते, तेव्हा मी गर्दीत होतो. सगळे गायक जॅगरकडे बघत होते. मी, बासवाल्यांच्या खोडीप्रमाणे, मागच्या दोघांकडे. जोन्सची नजर बहुतेक वेळ ड्रमर चार्ली वॉट्सच्या उजव्या पायाकडे असावी असं मला वाटलं. इतक्या लांबून ते खरंच दिसत होतं की मला दिसायला हवं होतं, सांगता येणार नाही.

याच प्रकारात गेल अ‍ॅन डॉर्सी येते. १९९५ पासून डेव्हिड बोवीसोबत दौरे, बास वाजवता वाजवता दोघांच्या गाण्यातला क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीच्या वाट्याचा भाग गायची, आणि ते पेलायची. पण २०१६ च्या त्याच्या शेवटच्या अल्बमवर बास टिम लफेव्हरचा आहे, कारण त्या वेळी बोवीला न्यूयॉर्कमधला एक वेगळा जॅझ ताफा हवा होता. यात कोणाचं चुकलं असं नाही. मालकाची चव बदलते, एवढंच.

पिनो पॅलाडिनो: मोकळा

वेल्समधल्या कार्डिफचा. १९८३ मध्ये गायक पॉल यंगच्या एका गाण्यात त्याचा पडदे (फ्रेट) नसलेला बास असा काही गायला की पुढची काही वर्षं प्रत्येक निर्मात्याला तोच आवाज हवा होता. एखादा माणूस त्याच आवाजावर जन्म काढता. यानं तो बाजूला ठेवला आणि सोल गायक डी'अँजेलोच्या २००० च्या अल्बमवर संपूर्ण वेगळा, जाड, मागे रेलून बसलेला बास वाजवला. मोकळं राहण्याचा खरा फायदा हा. एकाच स्टारच्या बँडमध्ये तुमचा आवाज त्या स्टारच्या आवाजाला बांधलेला असतो.

आणि फोन येतो तेव्हा कसा येतो पाहा. २७ जून २००२ ला लास व्हेगासमध्ये 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा बासवादक जॉन एन्ट्विसल हॉटेलात वारला. बँडचा दौरा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. १ जुलैला हॉलिवूड बाऊलवर एन्ट्विसलच्या जागी पॅलाडिनो उभा होता. एवढ्या कमी वेळात एवढी गाणी, आणि तीही ज्याचा बास म्हणजे दुसरी लीड गिटारच, अशा माणसाची. आपल्याकडे अष्टमीच्या रात्री गरब्यात बदली म्हणून ऐनवेळी उभ्या राहिलेल्या कोणालाही ही धडधड ओळखीची वाटेल, भले मंच छोटा असो.

टोनी लेव्हिन या दोन्हींच्या मधला. १९७७ पासून गायक पीटर गॅब्रिएलसोबत आहे, पण १९८१ पासून किंग क्रिमसन हा बँडही केला, १९८० मध्ये जॉन लेननच्या अल्बमवरही वाजवलं. पण गॅब्रिएल दोन अल्बमच्या मध्ये इतकी वर्षं घेतो की लेव्हिनला मोकळं राहावंच लागलं असतं. त्याच्यावरून नियम काढू नका.

मला टोचलेली गोष्ट

पैशाचं आधी उरकतो. मोकळ्या माणसाची एका रात्रीची नाईट, म्हणजे मानधन, जास्त असते. कायमच्या माणसाची कमी, पण वर्षभर येते. गाण्याच्या हक्काचे पैसे दोघांनाही मिळत नाहीत, कारण गाणं ज्यानं लिहिलं त्याचं. गणपती, नवरात्र, डिसेंबर या हंगामात मोकळा माणूस पुढे जातो. पावसाळ्यात त्याचे हाल होतात. वर्षाच्या शेवटी माझ्या हाती दोन्हीकडे साधारण सारखंच उरलं. म्हणून पैशावर निर्णय घेऊ नये असं माझं मत, ज्याच्या डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता आहे त्याचं वेगळं असू शकतं.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मोकळा असताना दर शोला ड्रमर वेगळा.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण बासवादकाचं अर्धं काम ड्रमरच्या किकसोबत, म्हणजे पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमसोबत, एकजीव व्हायचं आहे. एक ड्रमर किक ठोक्याच्या अगदी नाकावर मारतो, दुसरा केसभर मागे. एक जण रोल घेऊन समेवर परत येताना हमखास धावतो. दुसरा मुखड्यात बरोबर असतो आणि अंतऱ्यात लय पाडतो. साउंड चेकमध्ये हे कळत नाही, कारण साउंड चेकमध्ये सगळेच सभ्य वाजवतात. कार्यक्रम सुरू झाला की पहिली काही गाणी या माणसाचा पाय शोधण्यात जातात. तो सापडून जरा हात मोकळा होईस्तोवर मध्यांतर. आणि पुढच्या शनिवारी बालगंधर्वला दुसरा माणूस, पुन्हा पहिल्यापासून.

प्रेक्षकांना यातलं काही कळत नाही. "आज जरा रंगलं नाही" इतकंच म्हणतात. गायकालाही कळत नाही, तो मॉनिटरवाल्यावर चिडतो. एका ठिकाणी तर ड्रमर थेट शोला आला, तालमीला नाव नाही, आणि आयोजक मला म्हणाले की बास आज जड वाटतोय. बास जड नव्हता, ठेका पळत होता आणि मी त्याची शेपटी धरून होतो. मोठे गवये आपला तबलजी बरोबर घेऊन हिंडतात. मोकळ्या बासवादकाला ती चैन नाही.

हे डोक्यात ठेवून वरची माणसं पुन्हा बघितली, तर चित्र बदलतं. टॅलंटच्या शेजारी पहिला ड्रमर विनी लोपेझ होता. तो १९७४ मध्ये बँड सोडून गेला, मग थोडा काळ अर्नेस्ट कार्टर. त्याच वर्षी वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून मॅक्स वाइनबर्ग आला आणि राहिला. मधल्या दहा वर्षांचा खंड धरूनही टॅलंटला एकच पाय पन्नास वर्षं मिळालाय. फलकावरचं गाणं ऐनवेळी उभं राहतं ते त्यामुळे, नुसत्या पाठांतरानं नाही.

जोन्सची गोष्ट तर याहून बोलकी. वायमननंतर कोणाला घ्यायचं हा निर्णय जॅगर आणि गिटारवाला रिचर्ड्स यांनी वॉट्सवर सोडला होता. ड्रमरनं बासवादक निवडला. सदस्यत्व नाही, फोटो नाही, पण वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये वारेपर्यंत जोन्सला तो ठेका मिळाला. हा सौदा मला, खरं सांगायचं तर, फार वाईट वाटत नाही.

आणि पॅलाडिनो? मोकळा खरा, पण त्याचं मला सर्वांत आवडतं काम तो एखाद्या ड्रमरशेजारी बरेच दिवस बसला तेव्हाचं आहे. डी'अँजेलोच्या त्या अल्बमवर ड्रमर क्वेस्टलव्ह मुद्दाम ठोक्यामागे रेंगाळतो आणि पिनो त्याच्यासोबत रेंगाळतो. ते एका संध्याकाळच्या ओळखीत होणार नाही. गायक-गिटारवादक जॉन मेयरच्या त्रिकुटात पिनोच्या शेजारी ड्रमर स्टीव्ह जॉर्डन होता. तोच जॉर्डन वॉट्सनंतर स्टोन्समध्ये जोन्सच्या शेजारी आला. या मंडळींचं वर्तुळ वाटतं तेवढं मोठं नाही.

मग काय घ्यावं

मी एका गायकाच्या कायमच्या ताफ्यात गेलो. गायक बरा आहे, त्याहून जास्त काही म्हणणार नाही. ड्रमर मात्र असा, की अंतऱ्यात त्यानं किक सोडली तर मला आधी कळतं आणि मीही सोडतो. अधूनमधून गायक गझलच्या कार्यक्रमाचं मनावर घेतो आणि आम्ही दोघं घरी बसतो, हेही आहेच. ऑक्टोबर १९८९ कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो.

तुमचं काम मुख्यतः रेकॉर्डिंगचं असेल तर हे सगळं थोडं बाजूला ठेवा. आता बहुतेक ठिकाणी ठेका प्रोग्रॅम केलेला असतो, कानात क्लिक (लय सांगणारी टिकटिक) असतो, ड्रमरचा प्रश्नच येत नाही. तिथे मोकळं राहणंच शहाणपणाचं, चार प्रकारचं काम अंगवळणी पडतं. वय पंचविशीच्या आत असेल तरीही काही वर्षं मोकळं राहायला हरकत नाही. दहा जणांसोबत वाजवल्याशिवाय आपल्याला कोणता ठेका मानवतो ते कळणार कसं?

मंचावरचं काम असेल आणि मॅनेजरचा फोन आला असेल, तर मानधनाच्या आधी ड्रमर कोण ते विचारा. हो म्हणण्याआधी एक तालीम मागून घ्या. क्लिक बंद करायला सांगा. एक संथ गाणं घ्या, जलद नको. जलद गाण्यात सगळेच तरून जातात. मधल्या संगीताच्या तुकड्यात तुम्ही चार मात्रा थांबा आणि तो काय करतो ते ऐका. घाबरून जागा भरायला लागला तर पुढे जन्मभर भरत राहील. तोही थांबला, किंवा आहे तसाच शांतपणे चालत राहिला, तर तारखा देऊन टाका, नाईट थोडी कमी असली तरी. आणि ड्रमर दर वेळी बदलतो, नाहीतर तो थेट शोलाच येतो, असं मॅनेजर सांगत असेल, तर तो ताफा नावालाच कायमचा आहे. त्यापेक्षा शनिवारचे फोन घेत राहा.