२४ हजारांचा आवाज, एका वर्षाची वॉरंटी

कानाच्या आत बसणाऱ्या (इन-इअर) या हेडफोनच्या आवाजाबद्दल तक्रारीला जागा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्रत्येक बाजूला एक डायनॅमिक आणि दोन बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे चिमुकले भाग, असलेली ही वायरची जोडी मी ठाण्यात राम मारुती रोडवरच्या एका दुकानातून २४ हजार रुपयांना घेतली. ख्यालाच्या जुन्या ध्वनिमुद्रणात तानपुऱ्याची जवारी गाणाऱ्याच्या आवाजामागे स्वच्छ वेगळी ऐकू येते, आणि डग्गा घुमतो पण पसरत नाही. प्रश्न आहे तो ही वस्तू टिकण्याचा, आणि ती न टिकल्यास कंपनी काय करते याचा.

महागड्या इन-इअरमध्ये आपण पैसे मोजतो ते ड्रायव्हर आणि त्यांच्या ट्यूनिंगसाठी. बिघडतात मात्र बहुधा त्यातले स्वस्त भाग: वायर आणि कवच (ड्रायव्हर ज्यात बसवतात तो कानातला भाग) जोडणारा कनेक्टर, जॅकजवळ वायर सतत वाकते ती जागा, कानात जाणाऱ्या नळीच्या तोंडावरची जाळी. या जोडीला एमएमसीएक्स पद्धतीचा गोल कनेक्टर आहे. तो खटका दाबल्यासारखा बसतो आणि बसल्यावरही जागच्या जागी फिरतो. वायर कानावरून मागे घेताना ही सोय वाटते, पण मान वळवली की तोही थोडा फिरतो आणि आतला धातूचा स्पर्श हळूहळू सैल होत जातो. ०.७८ मिलिमीटरच्या टू-पिन कनेक्टरमध्ये हे फिरणे नसते, मात्र वायर तिरकी ओढली गेली तर पिन वाकते. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत, कोणाच्या तरी बॅगेत वायर अडकत असताना, यातले काय आधी घडेल हे सांगणे कठीण.

माझ्या जोडीचा उजवा कान पावसाळ्यात रुसला. मान डावीकडे वळवली की आवाज जायचा, कनेक्टर बोटाने दाबला की परत यायचा. वाशीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये (खरे तर ते केवळ वस्तू जमा करून घेणारे काउंटर आहे, दुरुस्ती दुसऱ्या शहरात होते) तिथल्या मुलाने भिंग लावून आतली कडी मला दाखवली. सोन्याचा मुलामा घासला गेला होता आणि तिथे तांब्याच्या भांड्यावर येतो तसा हिरवट कळंक चढला होता. निदान अचूक होते, त्याबद्दल त्या मुलाचे कौतुकच आहे. पुढे कंपनीचे उत्तर आले की ओलाव्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. कानात घालण्यासाठीच विकलेल्या वस्तूला घाम लागू नये, आणि तोही ठाण्याच्या जुलैत, ही अट ज्याने लिहिली तो बहुधा वातानुकूलित खोलीतून बाहेर पडत नसावा.

वॉरंटीचे पत्रक बारीक अक्षरांसकट वाचले तर चित्र आणखी स्पष्ट होते. एक वर्ष आहे ते केवळ निर्मितीतल्या दोषांसाठी. वायरला ३ महिने, आणि कानातल्या रबरी टिप्सना काहीच नाही. शिवाय बिल अधिकृत वितरकाचे हवे. हेच मॉडेल बाहेरून आणून बऱ्याच स्वस्तात विकणारे विक्रेते भेटतात, पण त्यांच्या बिलावर इथला वितरक सहसा दाद देत नाही. तेवढी बचत करायची तर पुढची दुरुस्ती आपल्या खिशातून होणार हे गृहीत धरावे.

एका बाजूचा आवाज नुसताच कमी झाला असेल, तर सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी जाळी पाहावी. कानातल्या मळाने ती बुजते आणि ड्रायव्हर गेल्यासारखे वाटते.

इतके होऊनही याच किमतीच्या वायरलेस जोडीपेक्षा मी वायरच्या जोडीलाच पसंती देईन. वायरलेसमधली इवलीशी लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्जिंगनंतर क्षीण होणारच, आणि बहुतेक मॉडेलांत ती अशी चिकटवलेली असते की बदलणे जवळजवळ अशक्य. वायर मात्र हजार-दीड हजारात नवी मिळते. माझ्या बाबतीत दोष वायरमध्ये नसून कवचातल्या कडीत निघाला, हा भाग निराळा.

कंपनीचा नकार हा अखेरचा शब्द नसतो, हेही ग्राहकाने लक्षात ठेवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मी सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकापासून केली. त्यानंतर कंपनीने उजवे कवच निम्म्या किमतीत बदलून देण्याची तयारी दाखवली आहे. मात्र नव्या कवचाला नवी वॉरंटी मिळणार नाही, मूळ वर्षातले उरलेले दिवसच मोजले जातील. ओलाव्याची तीच अट नव्या कवचालाही लागू राहणार का, हे मी लेखी विचारले आहे, आणि त्याचे उत्तर हाती येईपर्यंत पैसे भरणार नाही.