ग्लॅडिओलस बियांपासून: पैसे वाचले, वेळ गेला, आणि खरी मदत झाली मच्छरदाणीची

ग्लॅडिओलसचे कंद विकत घेणं मी थांबवलं ते एका पार्सलमुळे. गणपतीनंतर घरपोच मागवले होते, एकेक कंद १५-२० रुपयांना पडला. वरची साल तांबूस, कोरडी, दिसायला छान. साल सोलली तर निम्म्या कंदांच्या बुडाला तपकिरी खोलगट डाग, अंगठ्याने दाबलं की आत जाणारे. कंदकूज. फोटो पाठवले, फोन केले, उत्तर ठरलेलं: "ताई, हा जिवंत माल आहे, परत होत नाही." फार वाद घातल्यावर पुढच्या ऑर्डरमध्ये थोडे पैसे वळते करून देऊ म्हणाले. म्हणजे कुजका माल त्यांचा आणि पुन्हा खरेदी मीच करायची. मी नाही केली.

जे कंद धड होते ते लावले. पांढरी 'व्हाइट प्रॉस्पेरिटी' आणि गडद गुलाबी 'अमेरिकन ब्युटी'. त्यांना दांडे आले तेव्हाच ठरवलं, या वेळी फुलं कापायची नाहीत, बी धरायचं. हा अनुभव त्या बियांचा आहे. कंद किती खोल लावायचे, पाणी किती द्यायचं हे तुम्हाला ठाऊकच असेल, ते पुन्हा लिहीत नाही.

बियांपासून ग्लॅडिओलस म्हटलं की नर्सरीवाले हात झटकतात. त्यांच्या बाजूने ते बरोबर आहे. कंदापासून वाढवलं की आईसारखंच फूल येतं, एकाच रंगाचे शंभर दांडे एकदम काढता येतात, बाजाराला तेच हवं असतं. बियांचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. पण नवीन जात कुठून येते? बियांतूनच. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची 'नजराणा' ही 'ब्लॅक जॅक' आणि 'फ्रेंडशिप' यांच्या संकरातून आली, 'सपना' ही 'ग्रीन वुडपेकर' आणि 'फ्रेंडशिप' यांच्या. आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश', 'फुले नीलरेखा' आहेत. तेच काम साताऱ्यात घरामागच्या वाफ्यात करायला काय हरकत आहे, असा माझा सरळ हिशेब होता. शिवाय विषाणू सहसा बियांतून पुढच्या रोपात उतरत नाहीत आणि कंदकूजही मुख्यतः कंदातूनच घरी येते. विकतच्या कंदाबरोबर ही दुखणी फुकट मिळतात.

बी धरणं सोपं आहे. फूल उमललं की आधी परागकोश फुटतात, आणि मधल्या दांडीचं टोक त्यानंतर तीन फाटे करून उघडतं. ते तीन फाटे पसरलेले दिसले की सकाळी ऊन चढायच्या आत दुसऱ्या रंगाच्या फुलाचा परागकोश चिमट्याने तोडून त्यांवर फिरवायचा. पराग जांभळट असेल तर पांढऱ्या फुलावर लगेच दिसतो, लागला की नाही अशी शंका राहत नाही. खालची चार-पाच फुलं अशी केली आणि वरच्या कळ्या खुडून टाकल्या, म्हणजे सगळं बळ बोंडांत जातं. दीड महिन्याच्या आसपास बोंड तपकिरी होतं आणि टोकाकडून फाटतं. त्याच्या आत त्यावर मलमलीची पिशवी बांधाच. बी चपटं असतं, मध्ये इवलासा दाणा आणि भोवती कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा, फुंकर मारली तरी उडतं. चांगल्या भरलेल्या एका बोंडातून पन्नासच्या वर बी सहज निघतं. दुकानात एकेका कंदाला पैसे पडतात, मला इथे काहीही न देता ओंजळभर बी मिळालं.

पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीला केली, उकाडा उतरल्यावर. कोकोपीट, चाळलेलं शेणखत आणि थोडी वाळू, बियांवर जेमतेम पाव इंच माती, वर ओलं गोणपाट. दोन-तीन आठवड्यांत उगवण झाली आणि चांगली झाली. इथवर मला काहीच तक्रार नाही.

मग महिनोन्महिने नुसती पाती. एका बीला एक पान, पुढे दुसरं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लॉन लावलंस का कुंड्यांत?" त्यांची चूक नाही, ते गवतच वाटतं. लव्हाळा त्यात शिरला की तण काढताना हात अडखळतो. मी पान दोन बोटांत धरून बघते. ग्लॅडिओलसचं पान कडेवर उभं असतं, सुरीच्या पात्यासारखं दोन्ही बाजूंनी सपाट, मधली शीर बोटाला लागते. लव्हाळ्याचं पान मधोमध दुमडलेलं असतं आणि बुंध्याशी तिधारी लागतं. हे एकदा हाताला कळलं की चुकत नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले. मे महिन्यात पाती पिवळी पडतात, पाणी तोडायचं, माती कोरडी झाली की कंद काढायचे. पहिल्या वर्षाचे कंद चार ते आठ मिलिमीटरचे. साल मातीच्याच रंगाची. आणि ते जिथे पेरले तिथे नसतात! ग्लॅडिओलसला काही जाडसर मुळं येतात, ती आकसतात आणि कंदाला खाली ओढून नेतात. पाव इंचावर टाकलेलं बी, त्याचा कंद कुंडीच्या तळाशी, खापरीच्या तुकड्यांत अडकलेला. गव्हाच्या चाळणीतून माती चाळली तर कंद खडीबरोबर वर राहतात आणि खडी कुठली, कंद कुठला हे उन्हात बसून निवडावं लागतं. रव्याच्या चाळणीतून माती जातच नाही. पाण्यात भिजवून चाळावं तर ओल्या कंदांना बुरशी. जेवढी रोपं पानांवरून मोजता येत होती त्याच्या निम्मे कंदही हाती लागले नाहीत. टाकून दिलेल्या मातीतून पावसाळ्यात पाती वर आली, ती बघून जीव हळहळला. बियांपासून ग्लॅडिओलसवर लोक जे काही सांगतात त्यात बी उगवेल का, फूल कधी येईल यावर सगळा भर असतो. कंद काढताना हरवतात, हे कुणी सांगत नाही. आणि सगळी मेहनत तर तिथेच मातीत जाते.

पुढच्या पेरणीला मी भाजीचा जुना प्लास्टिक क्रेट घेतला आणि त्याला आतून नायलॉनची फाटकी मच्छरदाणी दुहेरी घालून लावली. सुती चालत नाही, ती मातीत कुजते. मुळं जाळीतून खाली जातात, पाणी निघून जातं, पण कंद जाळीवर थांबतात. मे महिन्यात चारी कोपरे धरून जाळी उचलली, झटकली, वाळलेलं मिश्रण भुसभुशीत होऊन पडलं आणि कंद जाळीत राहिले. मिश्रणात बागेची माती घालू नका, नुसतं कोकोपीट, शेणखत आणि नदीची बारीक वाळू. मातीची ढेकळं झाली की जाळीचा उपयोग राहत नाही. हा एक बदल करून हाती आलेले कंद आधीच्या मानाने कितीतरी जास्त होते, आणि खर्च शून्य.

काढलेले कंद आठवडाभर सावलीत सुकवून कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन महिने ठेवले. सुप्तावस्था मोडायला थंडी लागते आणि आपल्याकडचा पावसाळा त्या कामाचा नाही. प्लास्टिकची पिशवी नको, घाम येतो. जवळ सफरचंद, केळी नकोत, पिकणाऱ्या फळांच्या वायूने कंद बिघडतात. भाजीच्या कप्प्यात मातीची पिशवी घरात सगळ्यांना आवडेलच असं नाही, हे आधी बोलून घ्या.

दुसऱ्या वर्षी कंद दीड-दोन सेंटिमीटरचे झाले. दांडा एखाद-दुसऱ्यालाच, तोही तीन-चार कळ्यांचा.

इथपर्यंतचं मी दिवाळीत लिहून ठेवलं होतं आणि खाली मत दिलं होतं: हौस असेल तरच या भानगडीत पडा, फुलं हवी असतील तर विश्वासू माणसाकडून, साल सोलून बघून कंद घ्या. आता फेब्रुवारी आहे आणि ते मत मी बदलते आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या मध्यापासून, दांडे आले. पांढऱ्या आणि गडद गुलाबीच्या संकरातून गुलाबीच्या इतक्या छटा निघाल्या की एकाशेजारी एक ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. एका रोपाचं फूल फिकट, आणि खालच्या तीन पाकळ्यांवर घशापासून निघालेली किरमिजी रेघ, पाकळीच्या मध्यावर थांबणारी. आईबापांपैकी कुणालाही ती रेघ नाही. कुठल्याही बाजारात, कुणाच्याही बागेत हे फूल नाही, ते फक्त माझ्याकडे आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. एका रोपाच्या पाकळ्यांच्या कडा चुणीदार आहेत, तेही पुढे वाढवणार.

सगळीच अशी नाहीत हेही सांगते. बरीच रोपं सामान्य. काहींचे दांडे वाकडे, काहींची फुलं एकाच बाजूला तोंड करून न बसता विस्कटलेली, कळ्या सात-आठ, जिथे चांगल्या विकतच्या कंदाला बारा-पंधरा असतात. कंद अजून लहान आहेत, चार-पाच सेंटिमीटरचे झाले की दांडे सुधारतील. फुलकिडे मात्र आलेच. पानांवर चंदेरी ओरखडे, कळीच्या टोकाला पांढरट डाग. बी लावल्याने कंदातून येणारे थांबतात, उडून येणारे थांबत नाहीत, त्यांना निंबोळी अर्क आणि निळे चिकट सापळे लागतातच. पण कुजलेला कंद एकही नाही. आणि ज्यांना ज्यांना दांडे आले त्यांच्या बुडाशी आता नव्या कंदाभोवती बारीक कंदिका धरताहेत, म्हणजे ती रेघवाली जात पुढच्या वर्षी कंदापासूनच वाढेल, पुन्हा बियांची वाट बघायला नको.

दरवर्षी कंदांवर जाणारे पैसे आता जात नाहीत. क्रेट जुना, मच्छरदाणी जुनी, खत घरचं. खर्च झाला तो कोकोपीटच्या विटांचा आणि निंबोळी अर्काचा. ज्यांना याच हिवाळ्यात लग्नाला फुलं हवी आहेत त्यांनी हे करू नये, दुसरं वर्ष फार रिकामं जातं. ज्यांच्याकडे हात-दोन हात जागा आणि फ्रिजमध्ये एक कोपरा आहे त्यांनी जरूर करावं, पण पहिल्याच पेरणीपासून जाळी घालून. आणि दरवर्षी थोडं थोडं पेरत राहावं, म्हणजे पहिली दोन वर्षं काढली की पुढे प्रत्येक हिवाळ्यात काहीतरी नवं फुलतं.

दांडा कापताना खाली निदान चार पानं ठेवा, कंद त्यावरच पोसतो. रेघवाल्या फुलाचा दांडा मी कापलेला नाही. त्याची खालची फुलं चुणीदार रोपाच्या परागाने शिंपली आहेत, बोंडं धरली आहेत, आणि पिशव्या बांधून झाल्या आहेत. मे महिन्याआधी आणखी दोन क्रेट आणि शेजारच्या काकूंची टाकाऊ मच्छरदाणी मिळवायची आहे, ती त्यांनी द्यायचं कबूल केलंय.